कामाबाहेरचा व्यायाम आणि कामाची क्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये एमआयडीसीच्या कडेला माझं छोटं क्लिनिक आहे. सकाळी पाळी संपवून आलेले ऑपरेटर, दुपारी चार घरची कामं उरकून येणाऱ्या ताई आणि संध्याकाळी मान धरून बसलेले आयटीवाले, असे सगळे एकाच बाकावर बसतात. कामं वेगवेगळी असली तरी प्रश्न फिरून तेच येतात, व्हॉट्सॲपवर तर रोजच. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कामाची क्षमता म्हणजे अंगातली ताकद का? ती मोजता येते का?

ताकद हा तिचा एक भाग झाला. दम (म्हणजे न थकता हालचाल टिकवायची ताकद), सांध्यांची हालचाल, झोप, मनाची उभारी आणि समोरचं काम किती जड आहे, हे सगळं मिळून क्षमता ठरते. त्यामुळे एकच माणूस पॅकिंगच्या टेबलावर उत्तम काम करतो आणि लोडिंगला लावला की आठवड्यात कोलमडतो.

मोजायची एक चांगली पद्धत फिनलंडच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात तयार केली. युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती प्रश्नावली आज जगभर वापरतात. तिचे गुण ७ ते ४९ असतात. २७ पर्यंत क्षमता कमी, २८ ते ३६ मध्यम, ३७ ते ४३ चांगली आणि ४४ पासून पुढे उत्तम. तिचा पहिलाच प्रश्न मी नव्या पेशंटला विचारते : तुमची कामाची क्षमता आयुष्यात सगळ्यात चांगली होती तेव्हाचे १० गुण धरले, तर आज किती द्याल? स्वतःलाही हा प्रश्न विचारा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा मला जास्त सांगतो.

२. मॅडम, दिवसभर ओझीच उचलतो. घरी जाऊन आणखी व्यायाम कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

मार्केट यार्डात हमाल पोतं घेतो ते जवळून बघा. दोघं जण ५० किलोचं पोतं उचलून त्याच्या पाठीवर देतात. त्या क्षणी तो श्वास रोखतो, मानेच्या शिरा टरारून फुगतात आणि पहिली काही पावलं तो श्वास धरूनच टाकतो. गाडीच्या फळीवर चढताना पुन्हा तेच. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने वर जातो. दिवसात असं शंभर वेळा होतं. मध्ये थांबायचं कधी हे तो ठरवत नाही, समोरची गाडी ठरवते. उद्या सकाळी पुन्हा तेच, अंग भरून आलेलं असलं तरी.

आता हाच माणूस संध्याकाळी मोकळ्या हाताने अर्धा तास झपाझप चालला तर? हृदयाचे ठोके वाढतात, पण पायांचे स्नायू लयीत आकसतात आणि सैलावतात, रक्त सहज फिरतं, श्वास मोकळा असतो. दमला तर थांबतो. अर्ध्या तासानंतर विश्रांती ठरलेली. शरीराला घडवायला अशी हालचाल लागते. काम मात्र शरीराकडून घेतच राहतं, परत फारसं काही देत नाही.

कोपनहेगनमधल्या १ लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास आंद्रेआस होल्टरमान यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी आढळला. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त आढळला. उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान यांचा हिशेब केल्यावरही फरक उरला.

आता क्षमतेकडे येऊ. शांत बसल्यावर शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्याला एक मेट म्हणतात. आठ तास टिकवायचं काम सरासरीने आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. समजा, तुमच्या कामाला सरासरी साडेतीन मेट लागतात. तुमची कमाल मजल १० मेटची असेल, तर तुम्ही ३५ टक्क्यांवर काम करता. संध्याकाळी दमाल, पण घरी गेल्यावर पोराशी खेळाल. मजल ७ मेटपर्यंत घसरलेली असेल, तर तेच काम तुमचा निम्मा जीव खातं. काम तेच, पगार तोच, फक्त शिल्लक कमी. व्यायामाने वाढवायची आहे ती ही शिल्लक. जड काम करणाऱ्याला तिची गरज सगळ्यात जास्त, आणि तिच्यासाठी वेळ मात्र त्याच्याकडेच सगळ्यात कमी, हे मला रोज दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं.

म्हणून जड काम करणाऱ्यांना मी एवढंच सांगते : आठवड्यातून तीन-चार दिवस २० ते ३० मिनिटं झपाझप चालणं किंवा सायकल, आणि तेही शक्यतो हलक्या कामाच्या दिवशी. उचलताना श्वास बाहेर सोडायची सवय. याला अपवाद आहेत, ते प्रश्न १६ मध्ये.

३. पण अंगमेहनतीच्या कामाने हृदय चांगलं राहतं असं वाचलं होतं. लंडनच्या बस कंडक्टरचं उदाहरण देतात ना?

देतात, आणि ते खरं आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. व्यायाम आणि हृदय यांचं आधुनिक शास्त्र तिथून सुरू झालं.

मात्र मॉरिस तिथेच थांबले नाहीत. गणवेशांची मापं तपासल्यावर कळलं की चालकांच्या कमरेचा घेर मुळातच जास्त होता. दोन गट सुरुवातीपासूनच सारखे नव्हते. पुढे त्यांनी बैठं काम करणारे सरकारी अधिकारी घेतले. सोमवारी सकाळी त्यांना आदल्या शुक्रवार-शनिवारी काय काय केलं ते लिहायला सांगितलं. १९७३ मध्ये निष्कर्ष आला : फावल्या वेळात जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांवर राल्फ पॅफेनबार्गर यांनी केलेल्या अभ्यासातही जड काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू कमी दिसले. म्हणजे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. कंडक्टरचं काम म्हणजे थोडं चढणं, थोडं उभं राहणं, पुन्हा चढणं. पाठीवर पोतं घेऊन फळी चढणं हे वेगळं काम आहे. दोन्हींना एकाच शब्दाने 'अंगमेहनत' म्हटलं की गोंधळ होतो.

४. नक्की किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी : प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, शिवाय दोन दिवस मोठ्या स्नायूंना जोर देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. जोरकस म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

दोन दिवसांच्या जोराच्या व्यायामाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. "मी रोज चालते" म्हणणाऱ्या बायकांना मी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगते. पन्नाशीच्या आतल्या कित्येकींना दहाव्या वेळी मांडीवर हात टेकवावा लागतो. दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या, रुग्णाला कुशीवर वळवणाऱ्या बाईला चालण्याइतकीच मांड्यांतल्या ताकदीची गरज असते.

शिफारशीत कामावरची आणि घरातली हालचालही धरलेली आहे. तरी माझ्या पेशंटना मी कामावरची हालचाल या हिशेबात धरू देत नाही. कारण प्रश्न २ मध्ये दिलं आहे.

५. घरातलं सगळं मीच करते. झाडू, फरशी, धुणं. तो व्यायाम नाही का?

फरशी घाम येईपर्यंत पुसली, तर तेवढी मिनिटं मध्यम हालचालीची. भांडी, स्वयंपाक, इस्त्री यांत मात्र उभं राहणं जास्त आणि हालचाल कमी. या कामांनी तुम्ही थकता हे शंभर टक्के खरं आहे, ते कुणी कमी लेखू नये. पण थकवा आणि तयारी या दोन गोष्टी वेगळ्या. ओट्यापाशी तीन तास उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही.

आणखी एक गोष्ट : घरकामात वाकणं सतत पुढेच असतं. त्याला उलट करा. दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकवून छाती पुढे काढणं, पालथं झोपून डोकं आणि छाती उचलणं, दहा-दहा वेळा. पाच मिनिटांचं काम आहे. चार घरी कामाला जाणाऱ्या ताईंसाठी प्रश्न २ मधलं सगळं लागू.

६. नऊ तास लॅपटॉपसमोर असतो. संध्याकाळी जिमला गेलं की बसण्याची भरपाई होते का?

बऱ्याच अंशी होते. १० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की, रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसला जातो. एवढा वेळ रोज देणारे थोडे, म्हणून मध्ये मध्ये उठणंही हवंच.

मानेचं मात्र वेगळं. जिममध्ये ट्रेडमिलवर पळून मान-खांद्याचं दुखणं कमी होत नाही. डेन्मार्कमध्ये १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. रबरी पट्टी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. एका गटाने रोज फक्त २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं, असे १० आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. मेडिकलच्या दुकानात अशी पट्टी मिळते. मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना २ मिनिटं निघतात. माझ्या क्लिनिकमध्ये मानेसाठी येणाऱ्यांना मी शेक आणि मशीनआधी ही पट्टी देते.

७. रोज १०,००० पावलं हवीतच का?

नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रुळला. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा साठीच्या पुढे ६,००० ते ८,००० आणि साठीच्या आत ८,००० ते १०,००० पावलांनंतर फायदा वाढायचा जवळपास थांबतो असं दिसलं. ३,००० वर असाल, तर ५,००० वर जाण्याचं मोल मोठं आहे. शॉपफ्लोअरवर १५,००० पावलं पडत असतील, तरी पुन्हा प्रश्न २ वाचा.

८. आठवडाभर वेळच मिळत नाही. फक्त शनिवार-रविवार केला तर?

चालेल. एकूण मिनिटं भरत असतील, तर एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयाच्या बाबतीत जवळपास तेवढाच फायदा मिळतो, असं मनगटावर यंत्र बांधून केलेल्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आलं. फक्त एक सांभाळा : पाच दिवस खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड धावत चढायचा आणि सोमवारी लंगडत कामावर जायचं, हे होऊ देऊ नका. चढणं गुडघ्यांना फार जड जात नाही, उतरताना मांड्या भरून येतात. पहिले चार-पाच रविवार सावकाश उतरा.

९. कामाआधी करावा की कामानंतर?

जेव्हा जमेल तेव्हा. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्याने पाचला उठून झोप तोडण्यापेक्षा संध्याकाळ बरी. संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. अगदी झोपेच्या आधीच्या तासात दमछाक होईल असा व्यायाम तेवढा टाळा.

"घरी आल्यावर अंगात त्राणच नसतं" हे मी रोज ऐकते. बैठं काम असेल तर तो थकवा बहुतेक डोक्याचा असतो, आणि दहा मिनिटं चालल्यावर तो हलका होतो. करून बघा. घरात शिरून चप्पल काढण्याआधीच चालून या, कारण एकदा टेकलात की उठणं अवघड. जड काम असेल तर तो थकवा खरा आहे, त्याचं ऐका.

१०. रात्रपाळी असते. कधी करू?

दुपारी झोपून उठल्यावर, कामाला निघण्याआधी, २० ते ३० मिनिटं. सकाळी पाळी सुटल्यावर जोरकस व्यायाम करू नका. आधीच उशीर झालेली झोप आणखी लांबते, आणि डुलक्या येत असताना दुचाकीवरून जिमला जाणं धोक्याचं. ज्या दिवशी पाच तासांहून कमी झोप झाली, त्या दिवशी व्यायामाऐवजी झोप घ्या. हे मी व्यायाम शिकवणारी बाई म्हणून सांगते आहे. पाळी बदलते त्या आठवड्यात नेहमीच्या निम्मा करा.

११. सूर्यनमस्कार घातले की सगळं झालं ना?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कार घरोघर पोचवले. जागा सतरंजीएवढी आणि खर्च शून्य, त्यामुळे आजही भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा तेच सांगते. सलग दहा मिनिटं वेगाने घातले तर दम लागतो, खांदे, पोट आणि पाठ यांना जोर मिळतो. ओढायच्या स्नायूंना मात्र त्यात काम कमी. ज्याच्या कामात खेचणं आहे, त्याने जोडीला बारला लटकणं किंवा पाण्याने भरलेली बादली कंबरेत न वाकता उचलणं धरावं. मनगट दुखत असेल तर हात मुठीवर टेका.

१२. दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतो. वर्षाचा व्यायाम झाला का?

वारी म्हणजे साधारण २५० किलोमीटर आणि तीन आठवड्यांच्या आसपास चालणं. तीन आठवड्यांत शरीरात खरंच बदल होतो, परत आलेल्या वारकऱ्यांच्या पोटऱ्या हाताला लागतात. पण हा बदल टिकत नाही. चालणं बंद झालं की दोन ते चार आठवड्यांत दम उतरू लागतो. आषाढीची कमाई श्रावणाच्या शेवटापर्यंत बरीच ओसरलेली असते.

मी याकडे उलट बाजूने बघायला सांगते. वारीच्या दोन महिने आधी आठवड्याला तीन दिवस चालायला लागा, दर आठवड्याला थोडं अंतर वाढवा, नेहमीच्या चपलेत किंवा बुटात. म्हणजे दिवेघाटात पाय बोलणार नाहीत आणि परतल्यावर कामावर पहिल्याच दिवशी नीट उभे राहाल. परतल्यावर आठवड्याला दोन-तीन वेळा चालणं चालू ठेवलं, तर कमावलेलं बरंच टिकतं.

१३. व्यायाम सुरू केला आणि कामात उलट जास्त दमायला लागलो. हे असं का?

पहिले दोन-तीन आठवडे असं होतं. नव्या व्यायामानंतर अंग दुसऱ्या दिवशी भरून येतं, ते ठणकणं २४ ते ७२ तास राहू शकतं. त्या काळात पकड थोडी सैल आणि हालचाल थोडी मंद होते. मशीनवर बोटांचं काम असेल, शिडीवर चढायचं असेल किंवा रुग्णाला इंजेक्शन द्यायचं असेल, तर पायांचा पहिला कडक व्यायाम सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा.

तीन आठवड्यांनंतरही थकवा वाढतच असेल, तर व्यायाम जास्त होतोय, झोप कमी पडतेय किंवा हिमोग्लोबिन कमी आहे. बायकांमध्ये हे तिसरं कारण खूप वेळा निघतं. रक्त तपासा, ट्रेनर बदलून उपयोग नाही.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा : पहिल्याच आठवड्यात जिममध्ये जिवावर उदार होऊन व्यायाम केला, स्नायू सुजून दगडासारखे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी पाणी पीत बसू नका. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

१४. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. करू का?

करा, दोन्हींवर व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. काही अटी आहेत. बसल्या जागी बीपी १८०/११० किंवा त्याच्या वर असेल, तर आधी डॉक्टर. ठोके कमी करणारी गोळी घेत असाल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, प्रश्न ४ मधली बोलण्याची कसोटी वापरा. चालताना छातीत आवळलं किंवा डावा हात, जबडा दुखला, तर जागेवर थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर व्यायामाआधी शुगर बघा. १०० च्या खाली असेल तर एखादं केळं खाऊन सुरुवात करा. कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे : शुगर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते. चालक, क्रेन ऑपरेटर, प्रेसवर काम करणारे यांनी पाळीच्या अगदी आधी नवा किंवा कडक व्यायाम करू नये, आणि खिशात ग्लुकोज ठेवावं. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही भीती फारशी नाही.

१५. पोलीस भरतीच्या वेळी १६०० मीटर सहज पळत होतो. आता बंदोबस्तात उभं राहूनच दम लागतो. वय झालं का?

वयापेक्षा थांबल्याचा परिणाम जास्त. १९६६ मध्ये डॅलसमध्ये पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं आणि त्यांची कमाल क्षमता मोजली. ती पाव भागाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की तीन आठवड्यांच्या त्या विश्रांतीने केलेली घट तीस वर्षांच्या वयाने केलेल्या घटीपेक्षा जास्त होती. पन्नाशीत त्यांनी सहा महिने व्यायाम केला आणि वयाने नेलेलं बरंचसं परत मिळवलं.

भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर जीव तोडून पळतात आणि नेमणूक झाली की सगळं सुटतं. ड्युटीच्या वेळा, जेवणाचे हाल, सण आले की रजा बंद, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून पुन्हा १६०० मीटर पळायला मी सांगत नाही. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट हळू पळणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पुरुषांनी कमरेचा घेर ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचं लक्ष्य धरावं.

१६. जड काम करणाऱ्याला व्यायामाने अपाय होऊ शकतो का?

होऊ शकतो, म्हणूनच हा प्रश्न वेगळा ठेवला. डेन्मार्कमध्ये सफाई कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास दमाचा व्यायाम दिला. त्यांचा दम वाढला, तेच काम त्यांना हलकं जाऊ लागलं. पण दिवसभराचा वरचा रक्तदाब सरासरीने थोडा चढलाही. ज्याच्या हृदयाला आधीच दिवसभर विसावा नाही, त्याच्यावर आणखी भार टाकताना रक्तदाब मोजत राहावं लागतं, हा त्यातला धडा.

म्हणून : जड कामाचा दिवस आणि जड व्यायामाचा दिवस एक करू नका. दर महिन्याला बीपी मोजा. ऊस तोडणीच्या हंगामात, हापूसच्या पेट्या भरायच्या दिवसांत, दिवाळीच्या गर्दीत व्यायाम थांबवला तरी चालेल. त्या काळात अंग सैल करणं आणि झोप एवढंच. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर काम करणाऱ्यांनी व्यायाम सूर्य उगवायच्या आत करावा किंवा करूच नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, गावाकडून सुट्टी काढून परतलात तरी ती पुन्हा लावावी लागते.

१७. कंपनीने योगाचा तास सुरू केला आहे, पण माणसं कमी केली आणि टार्गेट वाढवलं. मग काय उपयोग?

तुमची तक्रार रास्त आहे. व्यायामाने माणसाची शिल्लक वाढते, कामाचं ओझं कमी होत नाही. दोन माणसांचं काम एकाला दिलं, तर चांगल्यातला चांगला व्यायाम करणाराही वर्षभरात माझ्याकडे कंबर घेऊन येतो. टेबलाची उंची, ट्रॉली, उचलायचं वजन, पाळीतली विश्रांती, हे आधी. योगाचा तास त्यानंतर. व्यवस्थापनातल्या लोकांनाही मी हेच आणि याच क्रमाने सांगते. तरीही तुम्ही व्यायाम सोडू नका. तो कंपनीसाठी करायचा नाही, नोकरी बदलली तरी शरीर तेच राहणार आहे.

१८. गरोदर आहे, नोकरीही चालू आहे. किती करू?

गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल. उभ्याचं काम असेल तर चालण्याऐवजी पोहणं किंवा बसून करायचे प्रकार बरे. रक्तस्राव, चक्कर किंवा पोट घट्ट होणं जाणवलं तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

१९. कंबरदुखीसाठी पंधरा दिवस वैद्यकीय रजेवर आहे. सकाळी चालताना सुपरवायझरने पाहिलं आणि "फिरता येतं मग कामावर का येत नाही?" म्हणाले. माझं चुकलं का?

चालणं चुकलेलं नाही. साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहिल्याने बरं व्हायला उशीर लागतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. सपाट रस्त्यावर अर्धा तास, आपल्या गतीने, दुखलं तर बाकावर बसायची मोकळीक, हे एक. लेथपाशी आठ तास उभं राहून जॉब लावणं-काढणं हे दुसरं. पहिलं जमतं म्हणजे दुसरं जमतं असं होत नाही. उलट पहिलं केलंत तरच दुसरं लवकर जमेल.

गैरसमज होतो कागदामुळे. प्रमाणपत्रावर नुसतं "विश्रांतीची गरज" लिहिलेलं असतं. डॉक्टरांना विनंती करा : काय चालेल आणि काय नाही ते लिहून द्या. उदाहरणार्थ, "रोज चालण्याचा व्यायाम सुचवला आहे. १० किलोहून अधिक वजन उचलू नये. सलग एक तासाहून जास्त उभं राहू नये." ईएसआयची रजा असेल, तर हे तिथल्याच डॉक्टरांकडून घ्या. असा कागद सुपरवायझरच्या हातात दिला की बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

अपवादही सांगते. रजा तापासाठी असेल, तर ताप उतरेपर्यंत व्यायाम नको. विषाणूच्या तापात जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. गुडघ्याच्या ऑपरेशनची रजा असेल आणि सोसायटीच्या क्रिकेट सामन्यात तुम्ही गोलंदाजी करत असाल, तर सुपरवायझरचं बरोबर आहे. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर रजा, व्यायाम सगळं बाजूला ठेवून तातडीने हॉस्पिटलला जा.

रजेचा शेवटचा आठवडा कामाच्या सरावासाठी वापरा. तुमचं काम उभ्याचं असेल, तर घरी ओट्यापाशी किंवा टेबलापाशी सलग उभं राहायचा वेळ रोज दहा मिनिटांनी वाढवा. उचलायचं असेल, तर दळण आणायची पिशवी घ्या. पहिल्या दिवशी २ किलो, जमिनीवरून टेबलावर, दहा वेळा, श्वास सोडत. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कालच्याइतकीच असेल, तर ३ किलो. दुखणं वाढलं असेल, तर दोन दिवस २ किलोच ठेवा आणि मला किंवा तुमच्या फिजिओला कळवा.